मेरिमाचा ठिपका

२ मे, बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप लागत नसेल तर रोज थोडा वेळ बसून लिहीत जा. मनात येईल ते. कोणाला दाखवायचं नाही. मी म्हटलं, मनात काही येत नाही, नुसती झोप येत नाही. त्यांनी विचारलं, कशाची भीती वाटते का. म्हटलं, भीती कसली, मुलीची काळजी वाटते, ती सगळ्याच आयांना वाटते. त्यांनी ते लिहून घेतलं. काय लिहून घेतलं कोण जाणे.

तर आजचं हे. रात्रीच्या जेवणाला पालकाची पिटा केली होती, आमच्या बोस्नियातल्यासारखी, पातळ पापुद्र्यांची. मेरिमा हॉस्पिटलातून आली, हात धुतले, बसली आणि म्हणाली, "मला मोन्टानात काम मिळालंय. छोटं हॉस्पिटल आहे, तिथे नर्स कमी आहेत. उन्हाळ्यापुरतं. गाडी घेऊन जाणार."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

"एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे मी, आणि गाडी."

सेंट लुइसपासून मोन्टाना म्हणजे अर्धी अमेरिका. मी रेशादकडे बघितलं. माझा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असतो, रस्त्यावर काय काय होतं ते त्याला माहीत आहे. मला वाटलं, आता तो बोलेल. तो बोलला. "वायोमिंगमध्ये वारा जोराचा असतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव." आणि पिटाचा दुसरा तुकडा घेतला.

५ मे, शनिवार

रेशाद टेक्सासला गेला. जाताना म्हणाला, "सबा, पोरगी चोवीस वर्षांची आहे." जसं काही मला माहीत नाही. मीच जन्म दिलाय तिला, म्युनिकच्या त्या हॉस्पिटलात, तेव्हा हा बाहेर सिगारेट ओढत उभा होता.

चोवीस म्हणजे काय मोठं वय आहे? चोविसाव्या वर्षी माणसाला काही कळत नाही.

फिक्रेताला सांगितलं. आम्ही दोघी एकाच दुकानात लग्नाचे झगे बेतून देतो, मेमध्ये मान वर करायला वेळ नसतो. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून ती म्हणाली, "माझी पोरगी तर मेक्सिकोला गेली होती मैत्रिणींबरोबर." मी म्हटलं, तुझी पोरगी हिजाब घालत नाही. फिक्रेताने टाचण्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "पेट्रोल पंपावरचं तुला कळलंय का?"

मला माहीत नव्हतं. हिवाळ्यात एका पंपावर कोणी माणूस मेरिमाकडे बघून थुंकला आणि तिच्या गाडीला लाथ मारून गेला. मेरिमाने फिक्रेताच्या मुलीला सांगितलं, मला नाही. गाडीच्या दारावरचा पोचा मी कितीदा बघितला होता. ती म्हणाली होती, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कोणाचं तरी दार लागलं.

आमच्या घरात कोणी डोकं झाकत नव्हतं. माझी आई झाकायची, खेड्यातल्या बायका झाकतात तसं. मेरिमा दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक दिवस हिजाब बांधूनच खाली आली. का, विचारलं तर म्हणाली, "मला हवाय." त्याच्यापलीकडे काही सांगितलं नाही. मीही मग विचारणं सोडलं. वाटलं, जाईल हे खूळ.

९ मे, बुधवार

मशिदीत जाऊन आले. मुहारेम एफेंदी, आमचे इमाम, ऑफिसात एकटेच पंखा दुरुस्त करत बसले होते. म्हणाले, "सबाहेताबाई, गेल्या ईदनंतर आज दिसताय."

मी सरळ विचारलं. बाईने मुलूख सोडून एकटीने प्रवास करायचा असेल तर बाप, भाऊ, नवरा कोणीतरी बरोबर लागतो, असं आहे ना?

"असं पुष्कळांचं म्हणणं आहे," ते म्हणाले. "आणि रस्ता सुरक्षित असेल तर चालतं, असंही पुष्कळांचं म्हणणं आहे. तेव्हा वाळवंट होतं, वाटमारे होते. कोणाचं मन ज्यावर बसेल ते."

"मग तुम्ही तिला सांगा की नाही चालत."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तुम्हाला मशिदीतून पाहिजे काय, धर्म की कुलूप?"

मला राग आला. मी म्हटलं, रस्ता सुरक्षित नाहीये.

"कुठे? मोन्टानाचा?"

मी पर्स उचलली. मग ते म्हणाले की मेरिमा मागच्या आठवड्यातच येऊन गेली. तिने तासभर प्रश्न विचारले. नमाज कुठे पढायची, रोजे कसे धरायचे, वाटेत कुठे कुठे आपली माणसं आहेत. "तिने पुष्कळ विचार केलाय. तुम्ही तिच्याशी बोला. माझ्याशी नको."

म्हणजे तिने परक्या माणसाला आधी सांगितलं आणि आईला नंतर. हेच मला लागलं. घरी येताना भाजी घ्यायची विसरले.

१३ मे, रविवार

आज मदर्स डे. मेरिमाने पिओनीची फुलं आणली, कॉफी करून माझ्यासमोर ठेवली. सगळं चांगलं चाललं होतं. मग मीच घाण केली.

मी म्हटलं, एकच गोष्ट ऐक. फक्त हायवेपुरतं. गाडीत बसलीस की हिजाब काढ, टोपी घाल, बेसबॉलची. तिथे पोचलीस की घाल परत. देवाला कळतं सगळं.

तिने कॉफीचा कप उचलला, परत ठेवला.

मी म्हटलं, कोणी ओळखणार नाही तुला. तुझा रंग गोरा, डोळे निळे. टोपी घातलीस तर तू यांच्यासारखीच दिसशील.

"आणि मग मोन्टानाला कोण जाईल? मी, की दुसरी कोणी?"

"जिवंत जाईल, एवढंच मला हवंय."

"आई, तू गेल्या आठवड्यात एफेंदींकडे गेलीस मला धर्माने अडवायला, आणि आज मला हिजाब काढायला सांगतेस. एक काहीतरी ठरव."

"मला पंपावरचं कळलंय," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "म्हणूनच नव्हतं सांगितलं." मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी गाडीत बसून थरथरत होते. दोन आठवडे त्या रस्त्याने गेले नाही. मग वाटलं, असंच चाललं तर एक दिवस घरातून बाहेर पडणार नाही मी. तुझ्यासारखी—"

माझ्यासारखी काय? मी रोज दुकानात जाते. बाजारात जाते. हायवेवर चढत नाही, पण गल्ल्यांमधून सगळीकडे पोचता येतं. वेळ लागतो एवढंच.

मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "नको." इतक्या पटकन म्हणाली की पुढे विचारवलं नाही.

१८ मे, शुक्रवार

रमजान सुरू झाला. मी पहिले दोन रोजे धरले. मेरिमा सगळे धरणार म्हणते, प्रवासातसुद्धा. प्रवासात सूट असते, हे मलासुद्धा माहीत आहे. मी सांगितलं. म्हणाली, "रोज पहाटे निघून दुपारपर्यंत चालवणार. झेपलं नाही तर सोडीन."

आम्ही एकमेकींशी फक्त कामाचं बोलतो. चार्जर घेतलास का. ब्रेक तपासून घेतलेस का. तिने माझ्या फोनवर एक गोष्ट लावून दिली, नकाशावर तिचा निळा ठिपका दिसतो. "बघ, आता मी फ्रिजजवळ आहे." खरंच ठिपका घराच्या मागच्या बाजूला होता. त्यावर आम्ही दोघी थोड्या हसलो.

२१ मे, सोमवार

गेली.

रोज्याआधीची सहेरी खाऊन, नमाज पढून, उजाडता उजाडता निघाली. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की मागे पाणी टाकतात, पाण्यासारखा सहज परत यावा म्हणून. मी तांब्या भरून दारात उभी होते. तिने मला मिठी मारली, मी एका हाताने मारली, दुसऱ्या हातात पाणी होतं. गाडी कोपऱ्यावर वळली. मी तशीच उभी. पाणी टाकलंच नाही. टाकलं तर ती गेली असं ठरेल, असं काहीतरी डोक्यात आलं. मूर्खपणा. नंतर ते पाणी गुलाबाच्या झाडाला घातलं.

दिवसभर दुकानात ठिपका बघत होते. कोलंबिया. कॅन्सस सिटी. मग वर वळली. झग्याची एक शिवण दोनदा उसवली. थांबली की मी फोन करायची. पंपावर आहे, म्हणाली. एकदा म्हणाली, नमाज पढत होते, झाडाखाली. मी म्हटलं, उघड्यावर? लोक होते का? तिने जोरात श्वास सोडला. परत फोन केला तेव्हा म्हणाली, "आई, मी गाडी चालवतेय." संध्याकाळी नेब्रास्कात ग्रँड आयलंड नावाच्या गावात ठिपका थांबला.

"कुठे उतरलीस?"

"एका बाईंकडे. एफेंदींनी नंबर दिला होता. चांगल्या आहेत."

"कोण बाई? नाव काय?"

"आई, इफ्तारला बोलावतायत. उद्या बोलू."

२२ मे, मंगळवार

सकाळी मेसेज आला. "मी ठीक आहे. फोन बंद ठेवतेय. पोचले की कळवते."

ठिपका तिथेच आहे. ग्रँड आयलंडमध्ये.

मेरिमा असं लिहीत नाही. ती शेवटी हृदय टाकते, लाल. आज टाकलं नाही. आणि "मी ठीक आहे" असं ती कधीच म्हणत नाही, ती म्हणते "सगळं मस्त". हे दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय. कोणीतरी तिच्या फोनवरून लिहिलंय.

फोन लागत नाही. तिथल्या पोलिसांना केला. बाई सभ्य होती. म्हणाली, मुलगी सज्ञान आहे आणि तिने स्वतःच कळवलंय, आम्ही काय करणार. मी म्हटलं, तिने कळवलेलं नाही. बाई म्हणाली, मॅडम, तुमच्याजवळ बोलायला कोणी आहे का?

एफेंदींना केला. ते उपनगरात कोणाच्या तरी मयतीला गेलेत, फोन उचलत नाहीत.

रेशादला केला. तो लुबॉकला माल उतरवत होता. म्हणाला, "तिने ठिपका बंद केलाय, सबा. तू दिवसभर फोन करत असशील."

"फार नाही केले."

"किती?"

"तू तिची बाजू घेऊ नकोस."

"मी कोणाची बाजू घेत नाहीये. झोप थोडी."

नकाशा मोठा करून बघितला. ठिपका एका दुकानाच्या मागे आहे. बाजूला मांसाचा कारखाना. पुढे मोकळं माळरान. मी पाणी टाकलं नाही.

२३ मे, बुधवार

सेंट जोसेफ, मिसूरी. मोटेलच्या खोलीत बसून लिहितेय. दुपार आहे, बाहेर लख्ख ऊन. पुढे चालवणं आज जमणार नाही.

सकाळी फिक्रेताला सांगितलं की दोन दिवस येत नाही. तिने विचारलं, बरं नाही का. हो म्हटलं. मग गाडीत बसले आणि गल्लीगल्लीने हायवेच्या तोंडापर्यंत आले. तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. मागच्याने हॉर्न दिला, म्हणून वर चढले. नाहीतर अजून तिथेच असते.

ट्रक बाजूने जातात तेव्हा गाडी हलते. रेशाद हे रोज करतो, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी उजव्या लेनमध्ये, हळू. लोक हॉर्न देत होते. एक म्हातारा खिडकी खाली करून काहीतरी ओरडला. मी नुसती पुढे बघत राहिले.

कॅन्सस सिटीजवळ दोन बसगाड्या बाजूला आल्या. एकामागे एक. पांढऱ्या. कुठल्या तरी शाळेची सहल असेल, खिडक्यांमधून पोरं हात करत होती. मी पुढच्या वळणावर बाहेर पडले, एका बंद दुकानासमोर गाडी लावली आणि दार उघडून ओकले.

हे लिहायचं नव्हतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या मनात येईल ते.

ब्याण्णवचा जुलै. बोस्नियात, प्रियेदोरजवळच्या आमच्या गावात सर्ब सैनिकांनी पुरुषांना आधीच नेलं होतं. मग बायकांसाठी बसगाड्या आल्या. आजीला चालता येत नव्हतं. बसवर बंदूकवाली पोरं होती, त्यातली दोन आमच्याच शाळेतली. तरण्या पोरींना उतरवून घेतात असं सगळीकडे बोललं जात होतं. आईने चुलीतली राख माझ्या गालांना लावली, स्वतःच्या डोक्याचा रुमाल काढून माझ्या डोक्याला बांधला, पार कपाळापर्यंत ओढून, म्हातारीसारखा. तिचे केस मी दिवसाउजेडी तेव्हा पहिल्यांदा मोकळे बघितले. पांढरे होते. "वाकून बस," म्हणाली. "आजीला घेऊन मी मागच्या बसने येते." आणि माझ्या पाठीला हात लावून मला आत ढकललं.

मागची बस आली नाही. म्हणजे आली, तिच्यात त्या नव्हत्या.

वाटेत दोनदा थांबवलं. एकाने टॉर्च माझ्या तोंडावर मारला आणि पुढे गेला. पहाटे आम्हाला डोंगरात सोडलं आणि चालायला सांगितलं. मी चालले. एवढंच.

याचा मेरिमाशी काही संबंध नाही. ते युद्ध होतं. बसगाड्या दिसल्या म्हणून आठवलं.

रेशादचा फोन आला. दुकानात आहे, म्हटलं.

२४ मे, गुरुवार

आता ग्रँड आयलंडला आहे. पुष्कळ लिहायचंय, सुरुवातीपासून लिहिते.

दुपारी पोचले. ठिपका होता तिथे एक लांबट दुकान, काचेवर हाताने रंगवलेलं खजुराचं झाड. आत तांदळाची पोती, कापडाची ठाणं, फोनची कार्डं, उदबत्तीचा वास. काउंटरमागे एक जाडजूड सोमाली बाई, साठीची असेल, अंगभर जांभळं कापड. मी फोन पुढे केला, मेरिमाचा फोटो. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

तिने फोटो बघितला नाही. मला बघितलं. "तू तिची आई. कपाळ तेच."

"कुठे आहे ती?"

"मोन्टानात असेल. परवा पहाटे माझ्याबरोबर नमाज पढली आणि गेली. डब्यात सांबुसे दिले मी." मग माझ्याकडे नीट बघून तिने काउंटरमागचं स्टूल ओढलं. "बस आधी. पडशील."

मी बसले. तिचं नाव उबाह. मेरिमा तिच्या मुलीच्या खोलीत झोपली. तिने उबाहचा रक्तदाब तपासला, तो बघून उबाहला फैलावर घेतलं आणि स्वयंपाकघरातलं लोणचं लपवून ठेवलं. "अजून सापडलेलं नाही मला," उबाह म्हणाली. "फोन सारखा वाजायचा तिचा. वाजला की पोरगी दचकायची. पहाटे तिने तो बंद केला. मी म्हटलं, आईला कळव आधी. तेव्हा मेसेज केला, माझ्यासमोर."

मी माझा फोन उलटा ठेवला.

"मी तिला विचारलं," उबाह म्हणाली, "तुला भीती वाटत नाही का गं एवढ्या लांब? तर म्हणाली, वाटते की. पण माझी आई माझ्याएवढी होती तेव्हा एकटी निघाली होती. रस्त्यावर बंदुका होत्या, ओळखीचं कोणी नाही, आणि डोंगर चालून पोचली. म्हणाली, माझ्या आईसारखी धीट बाई मी बघितली नाही. मला तर फक्त गाडी चालवायची आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. उबाहचं इंग्रजी वेगळं, माझं वेगळं. परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं.

मेरिमाला मी हे कधीही सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. फक्त रेशादला, म्युनिकमध्ये, लग्नाआधी. दुकानाबाहेर जाऊन त्याला फोन केला.

"तू तिला सांगितलंस?"

तो लगेच समजला. "तिने विचारलं. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. आजीचा काही फोटो आहे का म्हणत होती. मग सगळंच सांगितलं, रुमालाचंसुद्धा. सबा, तिचा हक्क आहे."

"माझं होतं ते. तू कोण सांगणारा?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग, "मागे आवाज कसला? तू कुठे आहेस?"

सांगितलं. कितीतरी वेळ त्याच्याकडून फक्त इंजिनाचा आवाज येत होता.

त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. एवढी गोष्ट त्याने दोन वर्षं माझ्यापासून लपवली, आणि तिनेही.

आत आले तर उबाहने चहा केला होता. माझा प्रवास म्हणून माझा रोजा नव्हता, तिचा होता. ती समोर बसून राहिली. मी म्हटलं, मी धीट नव्हते. मला आईने बसमध्ये ढकललं. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मी सोमालियातून, किस्मायोहून, तीन पोरं घेऊन चालत निघाले," उबाह म्हणाली. "रस्त्यात मला कोणीही विचारलं नाही की बाई, तुझ्याबरोबर पुरुष कोण आहे. आणि आता माझी धाकटी ओमाहाला कॉलेजात जाते, तर मी तिच्या भावाला बरोबर धाडते. अडीच तासांचा रस्ता. तो बिचारा गाडीत झोपून राहतो." ती हसली, मग हसू थांबलं. "तुझ्या मुलीने मला त्यावरून पण फैलावर घेतलं."

सूर्य खाली आला तेव्हा माझा फोन वाजला. मेरिमा.

"आई, पोचले. इथे बर्फ आहे अजून डोंगरांवर. बाबा म्हणाले तुला फोन कर, दुसरं काही बोललेच नाहीत. तू घरी आहेस ना?"

"उबाहच्या दुकानात आहे."

"कुठल्या उबाहच्या?"

"जिचं लोणचं तू लपवलंस."

ती हसते आहे की रडते आहे, कळेना.

"हायवेवरून आलीस?"

"मग काय उडत आले?"

"एकटी?"

"एकटी म्हणजे मी. आणि गाडी."

आता नक्की रडत होती. म्हणाली, "ठिपका मीच बंद केला गं. तुझा फोन आला की मला प्रत्येक पंपावर वाटायचं, कोणीतरी मागे उभं आहे. फोन यायच्या आधी नव्हतं वाटत. राग आला ना?"

आला होता. मी म्हटलं, "तू उबाहला माझ्याबद्दल जे सांगितलंस, तसं नाही ते. मी धीट नव्हते."

"मग कशी होतीस?"

उबाहने माझ्यासमोर खजुराची बशी ठेवली, दुकानाची पाटी उलटी केली आणि आतल्या खोलीत गेली. तिच्या घरची पोरंबाळं तिथे जमत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

मी सांगितलं. सगळं नाही. राखेचं सांगितलं, आईचे केस पांढरे होते ते सांगितलं, आणि बसच्या पायरीवर माझ्या पाठीला तिचा हात लागला होता तो कसा होता ते. जोरात होता. मला तेव्हा राग आला होता की ती मला ढकलतेय. हे मी रेशादलाही सांगितलेलं नाही. मेरिमाने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

शेवटी म्हणाली, "तुझ्याकडे सूर्य गेला का?"

"गेला."

"माझ्याकडे अजून आहे. खा काहीतरी, आई. सकाळपासून खाल्लं नसशील."

खरंच खाल्लं नव्हतं.

मग तिने विचारलं, "इकडे येतेस? एवढी आलीच आहेस." मनापासून विचारलं. मी म्हटलं, नको. झगे पडलेत, शनिवारी दोन लग्नं आहेत. तू तुझं काम कर. ती "बरं" म्हणाली. मला वाटतं तिला थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईट. मलाही तसंच.

उबाहच्या मुलीच्या खोलीत गादी घातली आहे. डोळे मिटतायत. उद्या लिहीन.

२५ मे, शुक्रवार

उबाह सोडत नव्हती. म्हणाली, जुम्म्याची नमाज पढून जा. नमाज पढले. शेवटची केव्हा पढले होते आठवत नाही, दोनदा चुकले, बाजूच्या मुलीकडे बघून बघून केलं. कोणी काही म्हटलं नाही. निघताना उबाहच्या धाकटीने गाडीच्या काचा पुसून दिल्या. तिने विचारलं, "तुम्ही सेंट लुइसपर्यंत एकट्या जाणार?" मी हो म्हटलं. तिने तिच्या आईकडे बघितलं. उबाहने दुसरीकडे बघितलं.

आज उजव्या लेनमध्येच होते, पण हॉर्न कमी आले. हात मधून मधून गार पडतात. मग मी खिडकी खाली करते, थोडा वारा घेते, परत वर करते.

लिंकनला खाली वळायचं होतं. बोलता बोलता चुकलं. बोलता बोलता म्हणजे मी एकटीच बोलत होते, आईशी, बोस्नियनमध्ये, मोठ्याने. तिला मोन्टानातल्या हॉस्पिटलचं सांगत होते. भानावर आले तर नदीवरच्या पुलावर होते आणि पुढे पाटी होती, आयोवा. आयोवात मला काहीही काम नाही. पुढच्या विश्रांतीच्या जागी गाडी लावली. झाडं आहेत, बाकं आहेत, एक म्हातारं जोडपं कुत्र्याला फिरवतंय. तिथेच बसून लिहितेय.

रेशादचा फोन आला. त्याच्याशी अजून नीट बोलत नाही मी, त्याला ते माहीत आहे. सावकाश विचारलं, "कुठवर आलीस?"

"आयोवा."

"आयोवा कशाला?"

"चुकले."

मग म्हणाला, "घाबरलीस?"

"हो."

"मग तिथेच थांब. ओमाहात सेनाद आहे आपला, माझ्या कंपनीतला ट्रकवाला, त्याला पाठवतो. तो गाडी आणेल, तू बाजूला बस."

मी त्या जोडप्याकडे बघत होते. कुत्रा पुढे जायला तयार नव्हता, म्हातारा त्याला समजावत होता.

"नको," मी म्हटलं. "घाबरलेय, पण चालवता येतंय."

रेशाद ट्रकवाल्याच्या आवाजात म्हणाला, "बरं. मागे फिरू नकोस. सरळ जा, देस मॉइन्सला उजवीकडे खाली उतर. लांब पडेल, पण मिसूरीतच येशील. पेट्रोल किती आहे?"

उठून गाडीत बघून आले. अर्ध्याच्या वर होतं.